रामाजीच्या धुऱ्यावरचा पाला

पुंडलिकराव गेल्याला दीड महिना झाला. तुरीचं कुटार, म्हणजे वाळका भुसा, होतं तोवर त्यांच्या तीन शेळ्यांनी तक्रार केली नाही. ते संपलं, त्यांच्या मुलीने, अमिताने झाडपाला सुरू केला, आणि तिघींनी संप पुकारला.

अमिता पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकवायची. तिने पुस्तिका वाचल्या, दोन भाग शेवरी आणि एक भाग सुबाभूळ असं मोजलं, बारीक कापून गव्हाणीत मांडलं. थोरल्या शेळीला बाबा मामलेदारीण म्हणत. तिने पाला हुंगला आणि अर्जाला कागद कमी जोडलेत अशा नजरेने अमिताकडे पाहिलं.

"शुक्रवारपर्यंत नाई खाल्लं तं व्यापाऱ्याले देऊन टाकू," आई म्हणाली. "उपाशी मारतं का त्याइले?"

अमिताला शेळ्या विकायच्या नव्हत्या. बाबांचं म्हणावं असं घरात आता तेवढंच उरलं होतं.

गुरुवारी सकाळी ती कुंपणापलीकडच्या रामाजीकाकांकडे गेली. पाल्याची झाडं त्यांच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होती.

"ने बाई, लागते तेवढा पाला ने," काका हळू आवाजात म्हणाले.

"बाबा कसा कापायचे, काका?"

"कापते कायचा? चोरे! फांदी वाकवून कुंपणाच्या तारेवर बांधे, शेळ्या दोन पायांवर उभ्या. मी शिव्या देत येवो, अन् तो म्हणे, मले तं काईच दिसून नाई राहिलं! बारा वर्षं झाले हे रोजचं."

"मग आता काऊन नाई ओरडत?"

"दुःखाच्या घरावर ओरडू? माणूस हाओ मी."

"ओरडा काका. उद्या शुक्रवार, खाल्लं नाई तं शेळ्या व्यापाऱ्याकडे जातील."

तिने शेळ्या सोडून आणल्या, फांदी ओढून तारेवर बांधली. मामलेदारीण खालीच उभी. काका खाकरले. "ए... हट."

"हे काय काका? नीट!"

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून गरगर फिरवला. "अवं चोरट्यांनो! पुंडल्यानं शिकवलेल्या लुच्च्यांनो! माहा धुरा खाऊन टाकला, बाप्पा!"

मामलेदारणीचे पुढचे पाय तारेवर. फांदी सळसळली. मागून दोघी धावल्या आणि कचाकच ओरबाडू लागल्या.

काका दम घ्यायला थांबले. आता बोलायची पाळी पुंडलिकरावांची होती.  शेळ्यांची तोंडं मंदावली.

अमिताने घसा साफ केला. "कुठल्या शेळ्या? मले तं काईच दिसून नाई राहिलं!"

काकांनी तोंड फिरवलं, दुपट्ट्याने नाक पुसलं, मग ढेकूळ उचलून दुप्पट आवाजात सुरू झाले. "बापासारखीच निघाली हे पोरगी! आंधळी!"

आवाज ऐकून आई मागच्या दारात आली. शेंडे संपत आलेली फांदी तिने पाहिली. 

"व्यापाऱ्याले येऊ नको म्हणून सांगतो," ती म्हणाली. "अन् भाऊजी, उद्या जरा लवकर ओरडा. ते सातलेच चारत होते."