पाहुण्याला मांस, घरच्याला कातडं

इया मोरेनिके, म्हणजे मोरेनिकेची आई, गेली एकतीस वर्षं नायजेरियातल्या इबादान शहराच्या बाजारात एकच वस्तू विकत होती: पोन्मो. गाईचं कातडं आणायचं, केस जाळायचे, खरवडायचं, मऊ होईस्तोवर उकडायचं आणि तिखटजाळ रश्श्यात सोडायचं. चघळणाऱ्याला विचारा, मांसाहून गोड लागतं. विकून उरेल ते आपण खावं असं बाई सांगायची. खरं तर आधी स्वतःचे चांगले तुकडे बाजूला काढून मग उरलेलं विकायची.

तर या पोन्मोवर सरकारची वक्रदृष्टी वळली. एक समिती बसली आणि तिला शोध लागला की पोन्मोत पोषण म्हणून काही नाही, लोक उगाच जबडे झिजवतात, हे कातडं चपलांच्या कारखान्यात जायला हवं. विकायचं नाही, खायचं नाही, घरच्या पातेल्यात सापडलं तरी दंड. गुरुवारी सकाळी नगरभवनात शेवटची सुनावणी होती आणि त्याच दुपारी कायद्यावर सही.

"म्हणजे भूक लागली की चप्पल चाटायची का गं आता?" शेजारी मिरच्या विकणारी सिदी म्हणाली.

"माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलायची छाती माझ्या सासूची नव्हती," इया मोरेनिके म्हणाली. "ती यांची कशी झाली?"

गुरुवारी सगळा बाजार नगरभवनात लोटला. सरकारी माणूस असला तरी दारी आलेला, त्याला उपाशी कसं धाडायचं, म्हणून बायकांनी पातेलीही बरोबर आणली होती. शिव्या डोक्यात आणि जेवण डोक्यावर, असा आमचा मोर्चा.

समितीचे अध्यक्ष डॉक्टर अदेगोके लाबिसी परदेशात शिकून आलेले. बोलणं गोड, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी काही परका नाही," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "ओके-आग्बा गावचा, लाबिसींच्या घरातला. माझ्या वाडवडिलांनी मांस खाल्लं, चपला नाही खाल्ल्या!"

मागच्या रांगेतले कारकून हसले. इया मोरेनिके मात्र ताठ बसली. तिची आई लग्नामयतात ओरिकी गाणारी होती. ओरिकी म्हणजे घराण्याची स्तुती. कुठल्या गावचा, कुठल्या घरचा एवढं कळलं की आईचं तोंड सुरू व्हायचं, आणि लेक शेजारी बसून पाठ करायची. ओके-आग्बाचे लाबिसी! आता या डॉक्टरला स्वतःचं घराणं सांगायला कुणी सांगितलं होतं?

"तुझं नाव पुकारलंय," सिदीनं ढोसलं. "ते पाठ केलेलं भाषण म्हण. पोषण, रोजगार, सगळं."

"भाषण गेलं चुलीत."

"दोनच मिनिटं, आई," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले.

ती पुढे गेली आणि गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे ओरिकी म्हणताना बाई अशीच बसते. डॉक्टर गडबडून अर्धवट उठले, तोवर तिनं सूर लावला होता.

"लाबिसीच्या लेकरा! दुष्काळात दार उघडं ठेवणाऱ्याच्या नातवा!
एकच गाय उरली होती, तुझ्या आज्यानं ती कापली.
वाटसरूंना मांस वाढलं, लेकुरवाळीला काळीज वाढलं,
आपण उंबऱ्यावर बसून कातडं चघळलं.
'लाबिसी, पोट भरलं का रे?'
'पाहुण्यांचे ढेकर ऐकू येत नाहीत का तुला?'
पाहुण्याला मांस, घरच्याला कातडं!
कातडं शिजतं त्या घरी कुणी उपाशी निजत नाही."

ओरिकी ऐकली की माणसाचं डोकं अभिमानानं फुगतं, असं आम्ही म्हणतो. डॉक्टरांचं फुगलं की नाही कोण जाणे, पण डोळे भरले हे सगळ्यांनी पाहिलं.

"माझी आजी रोज सकाळी हेच म्हणत मला उठवायची," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या ओळी मी विसरलो होतो."

"म्हणून तर आमच्या पातेल्यात नाक खुपसत होतास, बाळा," इया मोरेनिके म्हणाली. अख्खा बाजार खदखदला. कारकूनही हसले, पण या वेळी कुणाला हसावं ते त्यांना कळेना.

"पण काही जण टायर जाळून त्यावर कातडं भाजतात, ते विष आहे," डॉक्टर म्हणाले.

"टायरवर भाजणाऱ्याचे हात मोडोत! घाल त्यांना दंड, नावं मी देते. पण मी काय चघळावं ते माझे दात ठरवतील."

तेवढ्यात सिदीनं पातेली उघडली. वाफाळता अमला, म्हणजे कंदाच्या पिठाचा उकडलेला गोळा, वर लालभडक रस्सा. डॉक्टरांच्या ताटात इया मोरेनिकेनं स्वतःच्या हातानं मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला, पोन्मोचा एकही नाही. मग दोन पावलं मागे सरून ती उभी राहिली. एकतीस वर्षांचा धंदा आणि जन्माची आवड त्या एका ताटात होती.

डॉक्टरांनी ताटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मांसाचा तुकडा उचलून त्यांनी शेजारच्या कारकुनाच्या ताटात टाकला.

"हा पाहुणा आहे," ते म्हणाले. "मी घरचा. मला कातडं वाढ, इया."

मग जो गलका उठला, त्यानं छपरावरची कबुतरं उडाली. बायका नाचल्या, टाळ्या पिटल्या, कुणीतरी पातेल्याचाच ढोल केला. डॉक्टरांनी चघळत चघळतच खिशातून पेन काढलं आणि कायद्याच्या मसुद्यातल्या पोन्मोबंदीच्या कलमावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. टायरवर भाजणाऱ्यांच्या दंडाचं कलम तेवढं ठेवलं.

"पोषण काही लागतंय का?" सिदीनं विचारलं.

डॉक्टरांच्या तोंडात तुकडा होता. त्यांनी नुसतं ताट पुढे केलं.

इया मोरेनिकेनं पातेल्यात हात घातला आणि सकाळी स्वतःसाठी बाजूला काढलेले चांगले तुकडे त्यांना वाढले.