नकाशावरचा हिरवा भाग

नासीर नशिराबादला शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याने एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून बंद पडलेला छोटा ड्रोन घेतला, मोटर बदलली आणि दुकानातच हातभर उंच उडवून पाहिला. बाहेर उडवायची सोय नव्हती, कारण विमानतळ जवळ होता. सरकारी नकाशात लाल म्हणजे बंदी, पिवळ्यात परवानगी काढावी लागे आणि हिरव्यात मोकळीक. एवढ्या हलक्या ड्रोनला लायसन लागत नव्हतं. जागा तेवढी हवी होती.

मोबाइलवरची बारीक अक्षरं त्याला दिसत नसत, म्हणून नकाशा त्याची बायको अमिनाबी वाचायची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती वर्षभर घरातच होती.

"भुसावळकडे नको," ती म्हणाली. "पहूरच्या बाजूला बघा, हिरवं दिसतंय. मीपण येते."

"एवढा वेळ गाडीवर बसवेल?"

"नाही बसवलं तर उतरेन."

रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाली. वाटेत ती दोनदा उतरली. पहूरच्या अलीकडे, कापूस निघालेल्या एका मोकळ्या वावरात नासीरने ड्रोन उडवला. पाच मिनिटांत वीसेक माणसं जमली. रात्री ड्रोन फिरतात आणि मग चोऱ्या होतात, अशी अफवा त्या भागात होती. गावचे पोलीस पाटील अभिमन आले. वावरही त्यांचंच निघालं.

"कोणाला विचारून उडवला?"

नासीरने नकाशा दाखवला. अभिमन पाटलांनी तो नीट पाहिला. "हे आभाळाचं झालं. वावराचं काय?"

ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने माफी मागितली आणि ड्रोन खाली घेतला. पाटलांनी त्याचं आधार कार्ड पाहिलं, ठाण्यात फोन केला, गावकऱ्यांना घरी पाठवलं. मग म्हणाले, "दर रविवारी या. आल्यावर मला फोन करायचा, एवढंच."

चार रविवार ती दोघं गेली. तिसऱ्या वेळी अमिनाबीने रिमोट मागून घेतला. तिचा हात नासीरपेक्षा स्थिर होता, हे त्याला कबूल करावं लागलं.

पाचव्या रविवारी पाटलांनी चहा पाजला. "नासीरभाऊ, पुतणीचं लग्न आहे. वरून शूटिंग करून द्या. पैसे देतो."

"पैशांचं नाही, आबा. मंडपात गर्दी असणार, गर्दीवर उडवता येत नाही. लायसनवाला माणूस मी गाठून देतो."

"आम्ही तुम्हाला जागा दिली."

"दिली, आबा."

पाटलांनी कप खाली ठेवला. "मग पुढच्या रविवारपासून येऊ नका. नांगरट काढायची आहे."

आवाज चढला नाही. नासीरने ड्रोन पिशवीत भरला. दोघं परत निघाली.

"उडवला असता तर काय झालं असतं?" अमिनाबीने विचारलं.

"बहुतेक काहीच झालं नसतं."

"मग?"

"कोणाच्या डोक्यावर पडला असता, तर मला झोप लागली नसती."

घरी गेल्यावर तिने नकाशा उघडला आणि धुळ्याकडे सरकवला.

महिन्याभराने दोघं एसटीने धुळ्याला गेली, तिथून रिक्षाने एका माळरानावर. आधी तिथल्या सरपंचाला भेटून विचारलं. जागा ओबडधोबड होती आणि वारा जोरात. अमिनाबीने दगडावर बसून ड्रोन वर नेला. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली.

"हाई काय शे?"

"खेळणं आहे, अक्का," अमिनाबी म्हणाली.

म्हातारीने थोडा वेळ वर पाहिलं, मग शेळ्या हाकत पुढे गेली. अकरा मिनिटांत बॅटरी संपत आली. अमिनाबीने ड्रोन खाली उतरवला आणि नासीरला म्हणाली, "दुसरी बॅटरी द्या."