बदलीची तोंडी

नोटीस पहिल्यांदा वाचली तेव्हा योगिनीला ती नीट कळली नाही, आणि दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधत, आणि योगिनी तिथं आठ वर्षं कंत्राटावर होती. आता कंपनी लाईनवरच्या बायकांना कायम करणार होती, पण बारावी पास असलेल्यांनाच. येत्या मे महिन्यातल्या निकालाची गुणपत्रिका चालेल, त्यानंतरची चालणार नाही. बाकीच्यांचं कंत्राट तीस जूनला संपणार. योगिनीचं बारावीचं वर्ष लातूरकडच्या गावात लग्नाच्या मांडवात संपलं होतं. तिने बांधलेल्या वायरींवर आठ वर्षं गाड्या धावल्या, तेव्हा तिला कुणी शिक्षण विचारलं नाही. कंपन्यांना मधूनच असं काही सुचतं, आणि सुचलं की ते बोर्डावर लागतं.

ही गोष्ट जुलैतली. मग तळवड्याच्या त्यांच्या चाळीत जो तो शिक्षणाधिकारी झाला. वरच्या खोलीतले कोंडाजी म्हणाले, रात्रीच्या कॉलेजात जा. दर पंधरवड्याला पाळी बदलणाऱ्या बाईने रात्रीच्या कॉलेजात कसं जायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी ओपन स्कूल सुचवलं. विषय आपल्या आवडीचे, अभ्यास घरबसल्या. पण तिथला निकाल मेच्या आत हातात पडेल, असं छातीठोक सांगणारा कुणी भेटेना. शेजारणीच्या भावाने आयटीआय केल्यावर भाषांचे पेपर देऊन बारावीची बरोबरी मिळवली होती; पण आयटीआयची दोन वर्षं आणायची कुठून? कंत्राटदाराच्या माणसाने तर चहा पिता पिता परराज्यातलं सर्टिफिकेट शिक्क्यासकट आणून देतो म्हटलं. योगिनी त्याच्यावर उखडली. "मला खोटं काम न्हाई करायचं," ती म्हणाली, आणि तिचं हे बोलणं पुढे दोन दिवस लाईनवर कौतुकाने फिरत होतं. शेवटी उरला सतरा नंबरचा फॉर्म. परीक्षेला बाहेरून बसायचं, नाव चिखलीतल्या एका कॉलेजात लावायचं आणि अभ्यास आपला आपण करायचा.

तो तिने केला. दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, नवरा गणराज टेम्पो घेऊन बाहेर पडला की ती आतून कडी घालून बसायची. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी तिला जमत होतं. इंग्रजी मात्र हाताला लागत नव्हतं. लाईनवर तिच्या शेजारच्या जागेवर सोनू होती, पिंपरीची, चोवीस वर्षांची, बारावी पास आणि बोलण्यात फटाकडी. ती वायर लावता लावता योगिनीला एकेक शब्द द्यायची, योगिनी तो चिठ्ठीवर लिहून आपल्या जागेवर वायरींपाशी चिकटवायची आणि जेवणाच्या सुट्टीत सोनू परत विचारायची.

"ताई, हिशोब सोपा आहे," सोनू म्हणायची. "पास व्हायला पस्तीस पाहिजेत. लेखीला ऐंशीतले वीस पडले, की वीसच्या तोंडीतून पंधरा खेचायचे. तोंडीला कुणी नापास करत नाही. जाऊन फक्त बोलायचं."

जाऊन बोलायचं, तिथंच सगळं अडलं. तोंडीची तारीख आली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाला, आणि योगिनीची तेव्हा पहिली पाळी. सुपरवायझर जयसिंग माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर लाईनचे आकडे बसलेले.

"पेपरांच्या दिवसांत तुम्हाला दुसरी पाळी दिलीय ना वहिनी? सुट्टी नाही जमणार. एक जागा रिकामी राहिली की सगळी लाईन थांबते."

आता या लाईनवरची एक रीत सांगायला हवी. तिथं बदली चालायची. एखादीला पोरगं शाळेतून आणायचं असलं की तिची जागा दुसरी सांभाळायची. पहिलीच्या नावावर जुड्या बांधायची, पहिलीच्या नावावर आकडा लिहायची. आकडा भरला की कुणाचे हात होते हे कुणी विचारत नसे. आठ वर्षांत योगिनीने कितीतरी जणींच्या नावाने काम केलं होतं आणि त्यात पाप आहे असं तिला कधी वाटलं नाही. त्यामुळे सोनू जेव्हा म्हणाली, "त्या आठवड्यात मला दुसऱ्या पाळीला टाकलंय, तिथं एक बाई कमी आहे. लाईनवर मी बदलीला आले, तरी तिथं जाऊन तू बोलणार काय? तोंडीलाच मी जाते तुझ्या जागी," तेव्हा योगिनीचे डोळे भरून आले. खोटं सर्टिफिकेट नाकारणारी हीच बाई. पण हे तिला खोटं वाटलंच नाही. ही तर बदली होती.

सोनू गेली. तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेली, आत स्कार्फ काढला. रांगेत शंभर पोरं होती आणि फॉर्मवरचा फोटो टिकलीएवढा. दुपारी तिने गेटवर योगिनीच्या पाठीत धपाटा घातला. "मस्त झालं. मॅडम खूश. अठरा तरी कुठे जात नाहीत!"

अठरा म्हणजे लेखीला सतरा बास. योगिनीला कित्येक महिन्यांनी झोप लागली. आणि या झोपेनेच तिचा घात केला. इंग्रजीचा पेपर पहिलाच होता, अकरा ते दोन. दीड वाजता तिने प्रश्न मोजले, सतरा कुठे जात नाहीत असं मनाशी म्हणाली, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे टाकून उठली. कंपनीची बस तळवडे चौकातून दोनला सुटायची. ती चुकली की मोशीच्या गर्दीत अडकायचं, गेटवर उशीर व्हायचा आणि खाडा पडायचा.

दोन दिवसांनी मराठीचा पेपर. वर्गावर देखरेखीला होत्या तोंडी घेणाऱ्या इंग्रजीच्या मॅडम. त्यांनी हॉल तिकीट पाहिलं, नाव वाचलं, योगिनीकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. मग सही केली आणि खाली वाकून हळूच म्हणाल्या, "पेपर झाल्यावर थांबा. जाऊ नका."

त्या तीन तासांत तिने काय लिहिलं ते तिचं तिलाच माहीत. पोलीस, सोनूचं नाव, गणराजचा चेहरा, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे यायचं आणि पेन थांबायचं. एकदा वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. पळणार कुठे? पत्ता फॉर्मवर होता.

वर्ग रिकामा झाल्यावर मॅडमनी दार लोटलं.

"तोंडीला कोण आलं होतं?"

"मीच की मॅडम." तिने हॉल तिकीट पुढे केलं. "चेहरा उतरलाय... अभ्यासानं."

"बरं. मग मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

सोनूने फक्त मस्त झालं एवढंच सांगितलं होतं, आणि योगिनीने तरी कुठे विचारलं होतं?

"मी विचारलं, तुम्हाला कुणासारखं व्हावंसं वाटतं? सगळी पोरं पुढाऱ्यांची नाही तर खेळाडूंची नावं घेतात. त्या मुलीने कंपनीतल्या एका बाईबद्दल सांगितलं. वायरींच्या जागेवर इंग्रजी शब्द चिकटवते, विकत मिळणारं सर्टिफिकेट घेत नाही, मला तिच्यासारखं व्हायचंय, असं म्हणाली. मी अठरा दिले." मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ती बाई तुम्हीच ना?"

योगिनीला रडू फुटलं. ती मॅडमच्या पायांकडे वाकली तशा मॅडम मागे सरल्या.

"चुकलं मॅडम. पण पोरीचं नाव नका घेऊ. तिची लग्नाची बोलणी चाललीत. मला काढा, हाकला, पर तिला नको."

"हे डमी बसवणं आहे. मी वर कळवलं तर दोघींवर गुन्हा दाखल होईल. माहीत होतं तुम्हाला?"

"आमच्याकडं त्याला बदली म्हंत्यात."

मॅडमनी पर्समधून कागद काढला. "गुणांची यादी अजून माझ्याकडे आहे. बसा समोर. तोच प्रश्न. आता तुम्ही बोला."

योगिनी बोलली. काय बोलली म्हणता? माय नेम इज योगिनी. आय वर्क कंपनी. आय लाईक सोनू. सोनू इज गुड. सोनू गिव्ह वर्ड. मग शब्द संपले. मॅडमनी वाट पाहिली, दोनदा मान हलवून धीर दिला. शेवटी अठरावर रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले आणि सही केली.

"हे तुमचे आहेत," त्या म्हणाल्या. "घरी जा. मी कुणाला काही बोलणार नाही. मलाही नोकरी आहे."

योगिनीने तिथंच हिशोब केला. आता लेखीला सव्वीस हवे होते. ते दोन कोरे प्रश्न तिला कागदासकट आठवले, खालची मोकळी पानं आठवली, आणि आपण घाईघाईने उठून गेलो ते आठवलं. त्या दिवशी बस मिळाली होती. आजची मात्र कधीच निघून गेली होती, आणि खाड्याचं तिला काही वाटलं नाही.

निकाल मे महिन्यात लागला. इतर सगळ्या विषयांत ती पास होती. इंग्रजीत लेखीला सतरा, तोंडीला नऊ. सतरा आणि अठरा पस्तीस, हे तिने मनात एकदाच केलं आणि पुन्हा केलं नाही.

कायम झालेल्यांच्या यादीत सोनूचं नाव तिसरं होतं. ती महिनाभर योगिनीच्या नजरेला नजर देत नव्हती. तीस जूनला योगिनीने एप्रन, हातमोजे, ओळखपत्र जमा केलं, तेव्हा सोनू लाईन सोडून पळत गेटपर्यंत आली.

"ताई, जुलैची फेरपरीक्षा दे. पेपर तू लिही, मी तोंडीला..." आणि तिने जीभ चावली.

"तुझी जागा रिकामी हाय," योगिनी म्हणाली. "जा. लाईन थांबंल."

सोनू वळली, तशीच थांबली. "मी दे म्हणते खरी, पण आता पास होऊन उपयोग काय गं? इथली यादी तर बंद झाली."

फेरपरीक्षेचा फॉर्म योगिनीने आधीच भरला होता. फाटकाबाहेर पहिली पाळी सुटत होती, बायका बसकडे धावत होत्या. ती धावली नाही. रस्त्याच्या कडेने चालत राहिली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली, माय नेम इज योगिनी. आय वर्क कंपनी. तिथं ती अडखळली, कारण हे वाक्य आता खरं नव्हतं आणि झालेल्या गोष्टीचं इंग्रजी तिला येत नव्हतं.