चुकीच्या एक्स्टेन्शनला

"काका, स्क्रीनवर काहीतरी आलंय. वाचून दाखवू का?"

"नको. तू गप्प बस जरा, रेवती," विद्याधरकाका म्हणाले. "त्यालाच बोलू दे."

पण त्यांचा कॉम्प्युटर काही बोलायला तयार नव्हता.

मुलुंडला काका आमच्या शेजारी राहतात, मध्ये एकच भिंत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. नोकरी टेलिफोन ऑपरेटरची केली, आख्ख्या ऑफिसची एक्स्टेन्शन्स, म्हणजे प्रत्येक टेबलाचे आतले नंबर, तोंडपाठ. जानकीकाकू होत्या तोवर त्या रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, तोही सुसाट. मग भिंतीपलीकडून काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सावकाश गं, चहा तरी होऊ दे माझा." काकू गेल्या आणि ते काम कॉम्प्युटरकडे आलं. त्याच्यात जे उघडलं असेल ते तो बोलून सांगतो. पेपर, बँक, लाइटचं बिल, सगळं काका त्याच्यावर करतात.

आता त्याचं विंडोज जुनं झालं, अपडेट यायचे बंद झाले, बँकेचं काम त्यावर करणं धोक्याचं झालं. नवीन विंडोज त्या मशीनला झेपेना. पुण्याहून त्यांच्या मुलाने, यज्ञेशने, फोनवर निकाल लावला. "बाबा, तो डबा भंगारात द्या आणि इकडे राहायला या. रविवारी न्यायला येतो." यज्ञेश वाईट नाही हो. पण काकांना हे घर सोडायचं नव्हतं. इथे गॅसच्या बटणापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळं त्यांच्या हातांना माहीत आहे. "तिकडे पाण्याच्या ग्लासासाठी हाक मारावी लागेल मला," एकदाच म्हणाले.

अंधेरीची शकु त्यांच्याबरोबर ऑपरेटर होती, तिलाही दिसत नाही. तिने आपला कॉम्प्युटर केव्हाच लिनक्सवर नेला होता, म्हणजे विंडोज काढून त्या जागी दुसरी, फुकटातली सिस्टीम. कुठलं बटण कधी दाबायचं ते तिने काकांना फोनवर पढवलं आणि लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह कुरिअर केला. "इन्स्टॉल होतानाच बोलायला लागतं ते. कोणी शेजारी बसायला नको," म्हणाली.

मी कसली ऐकतेय. काकांच्या कॉम्प्युटरला स्क्रीनच नाही, त्यांना हवाय कशाला? म्हणून शनिवारी दुपारी मी घरचा मॉनिटर उचलून नेला आणि जोडला. म्हटलं, अडलं तर मी आहे ना.

काकांनी कामाच्या फायली आधीच काढून ठेवल्या होत्या. शकुने सांगितलेली बटणं दाबली, लिनक्स स्क्रीनवर आलं. मग आवाज सुरू करायची बटणं. काही नाही. पुन्हा दाबली. शुकशुकाट.

"काका, वाचते ना मी. भाषा विचारतोय."

"आज तू वाचशील गं. उद्या कोण वाचणार?" त्यांनी तीच बटणं तिसऱ्यांदा दाबली. वाटलं, संपलं. उद्या यज्ञेश बॅग भरणार.

काकांनी हाताने आपल्या स्पीकरची वायर चाचपली, ती जागेवर होती. मग म्हणाले, "तुझ्या त्या मॉनिटरला स्पीकर आहे?"

"नाही ओ."

"आणि तार कसली? टीव्हीला असते तसली?"

"हो, तसलीच."

"मग झालं. त्या तारेतून आवाजही जातो. कॉल चुकीच्या एक्स्टेन्शनला गेलाय. तो बोलतोय, पण तुझ्या मॉनिटरला सांगतोय. काढ ती तार."

मी तार उपटली. स्क्रीन काळा झाला, आणि त्यांच्या जुन्या स्पीकरमधून नाकातल्या आवाजात इंग्रजी सुरू झालं. काका हसले. मला रडू आलं, कशाला खोटं बोलू.

पुढचं सगळं त्यांनी एकट्याने केलं. मला काही दिसत नव्हतं, ते इंग्रजी तर इतकं भरभर की एक शब्द कळेना. तेच मला सांगत होते, "आता गावाची वेळ विचारतोय. आता म्हणतो, जुनं सगळं पुसतो." तिथे त्यांचं बोट थांबलं. मग एंटर दाबलं. बिनदिक्कत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. घाबरून, तरीही नीट करणारा हा एकच.

रविवारी यज्ञेश आला. काकांनी त्याला समोर बसवून लाइटचं बिल भरलं, पेपर ऐकवला. मी पोहे घेऊन गेले तेव्हा चपला घालत होता. म्हणाला, "तुमचा नंबर द्या ना, रेवतीताई. असू दे माझ्याकडे." बॅग रिकामीच परत गेली.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. भिंतीपलीकडे तो नाकातला आवाज आता मराठी पेपर वाचत होता, सुसाट, शब्द कुठेही तोडत. आणि मग काका म्हणाले, "सावकाश गं, चहा तरी होऊ दे माझा."

माझं लाटणं थांबलं. पलीकडे बटण खटकलं, वाचनही थांबलं. थोड्या वेळाने कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, आणि पेपर पुढे सुरू झाला.