अडगळीच्या खोलीतल्या दहा आज्ञा

मित्रांनो, मी चर्चमधली एक जुनी लाकडी पाटी आहे. देवाने माणसांना दिलेल्या दहा आज्ञा माझ्या अंगावर कोरलेल्या आहेत. मला घडवणारा सुतार फार चोखंदळ होता. एखादे अक्षर जरासे वाकडे गेले, की तो स्वतःवरच चिडे, रंधा मारून सगळे सपाट करी आणि पुन्हा पहिल्यापासून कोरायला बसे. मला वेदीजवळच्या भिंतीवर टांगले, तेव्हा सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केले. सुतार मात्र मागे उभा राहून मी कुठे तिरकी तर नाही ना, तेवढेच पाहत होता.

त्या दिवसांत मी फार तोऱ्यात असे. मुले माझ्यावरची अक्षरे लावून लावून वाचायला शिकत. मोठी माणसे माझ्यासमोरून जाताना नजर चुकवत. खरे सांगते, मला ते आवडे. आपला धाक आहे म्हणजे आपले काम चोख चालले आहे, असे मला वाटे.

चर्चची झाडलोट एक बाई करत. सगळे त्यांना ताई म्हणत. दर शनिवारी त्या स्टुलावर चढून मला तेलाच्या फडक्याने पुसत. पण खोटी साक्ष देऊ नये, असे सांगणारी माझी जी ओळ आहे, तिच्यावर त्यांचे फडके टेकल्यासारखे करून पुढे सरके. त्या अक्षरांच्या खाचांत धूळ बसून राहिली. ताईंच्या हातून असे का होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

पुढे चर्चला रंग द्यायचे ठरले. कुणी म्हणाले, ही पाटी बघून नव्या माणसांना धडकी भरते. कुणी म्हणाले, देव प्रेमळ आहे, मग हे नियम डोळ्यांसमोर कशाला? झाले! मला उतरवले आणि अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे उभे केले. कौतुक करणारे मला पार विसरले. वाळवीच्या भीतीने मी जीव मुठीत धरून दिवस काढू लागले.

मला वाटले होते, निदान ताईंना तरी बरे वाटेल. पण त्या केरसुणी घ्यायला यायच्या आणि माझ्यासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. एका दुपारी त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि ढसाढसा रडू लागल्या. चर्चचे फादर शिडी शोधत आले होते. ते शिडी विसरून एका मोडक्या खुर्चीवर टेकले, आणि ताईंनी त्यांना सगळे सांगितले.

तरुणपणी ताई आणि त्यांची धाकटी बहीण एकाच लाँड्रीत कामाला होत्या. एका संध्याकाळी ताई घाईघाईत इस्त्री चालूच ठेवून घरी गेल्या. मागची खोली लोकांच्या कपड्यांसकट जळून गेली. सुदैवाने आत कुणी नव्हते. मालकाने विचारले, तेव्हा ताईंच्या तोंडून निघून गेले, "धाकटीनं ठेवली असेल." धाकटीची नोकरी गेली. गावात तिला कुणी कामावर ठेवीना. शेवटी ती परगावी निघून गेली, आणि दोघींचे बोलणे लग्नकार्यापुरतेच उरले.

"पाटी काढली तेव्हा वाटलं, सुटले," ताई म्हणाल्या. "पण आतून काही जात नाही, फादर."

"पाटी काढल्यानं खोटं खरं होत नाही, ताई," फादर हळूच म्हणाले. "आज्ञा मोडल्याचं देवाला काहीच वाटत नसतं, तर त्यानं माफ तरी काय केलं असतं? आज्ञा खरी आहे, म्हणूनच क्षमा खरी. आज्ञा मोडल्याची शिक्षा येशूनं स्वतःच्या अंगावर घेतली. क्रुसाचा अर्थ तोच."

"म्हणजे मी मोकळी?"

"मोकळीच. म्हणून तर आता बहिणीकडे जाता येईल. क्षमा कमवायला नाही, ती मिळालीय म्हणून."

ताई आधी लाँड्रीच्या त्या मालकांकडे गेल्या. म्हातारे मालक सगळे ऐकून खाली बसले. मग म्हणाले, की शहानिशा न करता मीही त्या पोरीला घालवलं. त्यानंतर ताईंनी बहिणीला फोन करून सारे कबूल केले. बहिणीने ऐकून घेतले आणि फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात ती स्वतः आली. ताई अडगळीच्या खोलीत आहेत असे कळल्यावर तडक तिथेच आली.

"इस्त्री तू ठेवलीस, हे मला तेव्हाच ठाऊक होतं," ती दारातूनच म्हणाली. "मी तुझ्या आधी निघाले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी मुलं लहान होती, ताई. तुझी नोकरी गेली असती, तर ती जेवली काय असती? मी एकटी होते." ती खोलीत आली. "पण राग होता. अजूनही आहे थोडा. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मित्रांनो, माझी ओळ धाकटीने मोडली नव्हती, तरी तिचा मार तिने मुकाट्याने सोसला होता. फादर क्रुसाबद्दल जे म्हणाले होते, ते मला त्या घटकेला उमगले. अडगळीत आल्यापासून मला वाटे, की क्षमा आली म्हणजे माझी गरज संपली. तसे नव्हतेच.

ताईंनी बहिणीचे हात धरले आणि माफी मागितली. धाकटी म्हणाली, "केलं गं माफ. पण माझ्या सासरी अजून मला कुणी इस्त्रीला हात लावू देत नाही, ते आता तू येऊन निस्तर." ताई रडता रडता हसू लागल्या. मग दोघी त्याच मोडक्या खुर्च्यांवर बसून अंधार पडेपर्यंत बोलत होत्या.

फादरांनी मला पुन्हा भिंतीवर लावले आहे. या खेपेला क्रुसाच्या अगदी शेजारी. मला आता कुणी नजर चुकवलेली आवडत नाही. तेव्हा मित्रांनो, मला बघून घाबरून पळू नका, आणि मला अडगळीत टाकून मोकळेही होऊ नका. माझ्यावरची एखादी ओळ तुमच्या हातून मोडली, तर ती नीट वाचा, आणि ज्याला दुखावले असेल त्याच्याकडे लवकर जा. तिकडे कुणीतरी वर्षानुवर्षे तुमची वाट बघत असेल.