दानम्माची टोपली

सोलापुरात चौसिंगा? वनखात्याच्या साहेबांनी हसता हसता चहा सांडला. चार शिंगांचं, झाडोऱ्यात लपून एकटंच राहणारं ते लाजरं हरीण वळसंगच्या माळावर कोण बघतंय! पण हरणांचा अभ्यास करणारी शुक्रवार पेठेतली प्रतिक्षा हट्टाला पेटलेली. सोमवारी त्या माळावर रोपांसाठी खड्डे खणायचं यंत्र येणार होतं. झुडपं गेली की त्याची लपायची जागाच गेली.

"फोटो आणा, खड्डे थांबवतो," साहेब म्हणाले.

शनिवारी बोरीच्या जाळीमागं तिला लेंड्यांचा ढीग सापडला. चौसिंगा पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, तेव्हा तिनं नाचायचंच बाकी ठेवलं. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन आली, तर जागा लख्ख झाडलेली!

शेळ्या राखणारी दानम्मा भरली टोपली घेऊन आपल्या वांग्यांकडं निघाली होती.

"मावशी, लेंड्या तुम्ही नेल्या?"

"व्हय. खत हाय की. बारा वर्सं नेतीया."

प्रतिक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, त्या शेळीच्या नव्हेत!"

"मला सांगतीस व्हय गं? शेळी चालता चालता सांडती. हे शिस्तीचं जनावर. धाच्या सुमाराला वढ्यावर पानी पिऊन हितंच येतंय. बस गप."

प्रतिक्षाचा राग कुठल्या कुठं पळाला. तीन वर्षं पुस्तकं चाळून तिला जे कळलं नव्हतं, ते ही बाई झाडता झाडता शिकली होती. दोघी जाळीआड बसल्या.

दहा वाजून गेले आणि गवत हललं. तांबूस, शेळीएवढं, एकेक पाय जपून टाकत आलं. दोन कानांच्या मधे दोन सरळ शिंगं आणि पुढं कपाळावर अंगठ्याच्या पेराएवढी आणखी दोन. आई गं, काय ते देखणेपण! प्रतिक्षा कॅमेरा विसरूनच गेली.

दानम्मानं कोपर मारलं. "नोड नोड, बघ बघ! नुसती बघतीस काय, फोटू काढ की!"

फोटो निघाला. हरणानं झाडलेली जागा हुंगली, गोल फिरून पुन्हा हुंगली आणि तसंच निघून गेलं.

"असं का केलं त्यानं?" दानम्मानं विचारलं.

"तो ढीग त्याची खूण, मावशी. वासावरनं कळतं, हे घर आपलं."

दानम्मानं भरली टोपली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला, तेवढा माळ खणायचा सोडला. सोमवारी प्रतिक्षा धावत सांगायला आली, तर दानम्मा त्याच जागी टोपली पालथी करत होती.

"मावशी, आणि वांगी?"

"मरू देत वांगी," दानम्मा डोळे पुसत म्हणाली. "बारा वर्सं म्या लेकराच्या दारावरची पाटी पुसत हुते."