पाठीनं फुंकणारा पंखा

कॉम्प्युटर चालू केला आणि वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. आवाजच नव्हता. अगदीच नव्हता.

गेली दोन वर्षं त्या डब्याच्या पॉवर सप्लायमधला पंखा गिरणीसारखा घरघरत होता. वहिनी अंध मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. आठवीच्या पुस्तकाचे तीन धडे 'मागे घरघर येते' म्हणून परत आले होते. उद्या सकाळपर्यंत ते स्वच्छ आवाजात गेले नाहीत, तर पुस्तक दुसऱ्या वाचिकेकडे जाणार होतं. म्हणून तर त्यांनी भाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, कमी आवाजाचा पंखा बसवायला सांगितलं. भाऊजींचं टेबल फॅन दुरुस्तीचं दुकान. वहिनी बाजारात गेल्या तेवढ्यात ते काम उरकून गेले, आणि जुना पंखाही घेऊन गेले.

तो कशाला नेला?

"अगं, भंगार नेलं बिचाऱ्यानं. त्यातही तुला काळंबेरं दिसतं," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"फिरणारा पंखा थोडा तरी आवाज करेल की नाही? तार काढून ठेवली नसेल कशावरून?"

"त्यालाच विचार."

"विचारलं तर हो म्हणणारेत का!"

भाऊजी वेळ मारून नेण्यात पटाईत होते. मिक्सरच्या झाकणाला त्यांनी 'तात्पुरती' लावलेली चिकटपट्टी चार वर्षं तशीच होती. वहिनींनी डब्यावर हात ठेवला. दहा मिनिटांत एवढा गरम? त्यांनी वहीच्या कागदाची बारीक पट्टी कापली आणि मागच्या जाळीसमोर धरली. पंखा बंद असेल तर पट्टी लोंबकळेल, चालू असेल तर बाहेर उडेल.

पट्टी जाळीला जाऊन चिकटली.

म्हणजे पंखा होता, फिरतही होता. पण आतली गरम हवा बाहेर टाकायची सोडून खोलीतली हवा आत ढकलत होता. वहिनींनी कॉम्प्युटर बंद केला आणि भाऊजींना फोन लावून पट्टीचं सांगितलं.

"उलटा?" भाऊजी आले ते तणतणतच. "वहिनी, पंख्याचं तोंड कुठलं, हे मला शिकवणार तुम्ही?"

"वायर काढलीये. पण अर्धा तास हात लावायचा नाही. आत वीज साठलेली असते."

"ठाऊक आहे मला."

मग अर्धा तास दोघं समोरासमोर बसले. नवरा चहा ठेवायच्या निमित्तानं सटकला.

"तुम्ही ती पट्टी का धरली होती?" भाऊजींनी एकदम विचारलं.

वहिनींना खोटं बोलता येत नसे. "मला वाटलं, तुम्ही तार काढून ठेवलीत."

"म्हणजे मी फसवलं?"

"वाटलं तसं."

अर्धा तास भरल्यावर भाऊजींनी मुकाट्यानं स्क्रू काढले, पंखा सोडवला आणि पिशवीतल्या मीटरची नऊ व्होल्टची बॅटरी त्याच्या तारांना लावली. पाती फिरू लागली. त्यांनी मोकळ्या बाजूला गाल नेला. काही नाही. मग उलट्या बाजूला, जिथं लेबल आणि आडव्या पट्ट्या होत्या.

"च्यायला! हा पाठीनं फुंकतो की!"

"टेबल फॅन पुढून फुंकतो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हणून तर मोकळी बाजू बाहेर ठेवली मी. वीस वर्षं काय पाठीकडून वारा घेतलाय कुणी?" त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. पंखा फिरवून बसवला, स्क्रू आवळले. कॉम्प्युटर चालू झाला. मागून कोमट हवा बाहेर येऊ लागली आणि कान देऊन ऐकलं तर सुईएवढी सूं-सूं.

"या आता भाऊजी. मला रेकॉर्डिंगला बसायचंय."

"अंहं. तिन्ही धडे होईपर्यंत मी हलत नाही. घरी गेल्यावर पुन्हा फोन नको, आणि मनात शंका तर त्याहून नको." त्यांनी दाराशी स्टूल ओढलं आणि हाताची घडी घातली.

वहिनींनी माइक जवळ घेतला. धडा उष्णतेचाच होता. पहिलं पान छान गेलं, दुसरंही. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीला भाऊजींना दणदणीत खोकला आला.

त्यांनी तोंडावर हात दाबला आणि वहिनींकडे बघितलं. चेहरा पार पडलेला.

वहिनींनी उठून भाऊजींसमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ते पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.